हॅकसॉ (लोखंड कापायची हातकरवत) घेताय? आधी ब्लेड ठरवा, फ्रेम नंतर

दुकानात गेलं की सगळे फ्रेम हातात घेऊन बघतात आणि ब्लेड दुकानदार देईल ते घेतात, पण कापणार तर ब्लेडच आहे ना, फ्रेमनं फक्त ते ताणून धरायचं. म्हणून 300 मिमी ब्लेडची, न लवणारी पाइपची फ्रेम घ्या आणि विषय संपवा. लांबी कमीजास्त करता येते ती फ्रेम दोन मापांची ब्लेडं घेते खरी, पण स्वस्तातली असेल तर जोर दिला की लचकते आणि काप तिरका जातो.

ब्लेडमध्ये पूर्ण कडक एचएसएस (म्हणजे हायस्पीड स्टील) की बायमेटल (दोन धातूंचं)? कडकवालं व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पक्क्या धरलेल्या जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, सुरेख सरळ जातं, पण मनगट जरा वळलं की तटकन तुटतं. बायमेटलचे दाते हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचिक, म्हणजे वाकलं तरी सावरून घेतं. घरी गॅलरीत पाइप पायाखाली दाबून कापणार असाल तर डोळे मिटून बायमेटलच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आता दाते. इंचाला 18, 24, 32 असे मिळतात. कापायच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते बसले पाहिजेत, 24 च्या ब्लेडला त्यासाठी साधारण 3 मिमी जाडी लागते. जाड सळईला 18, अँगल-पट्टीला 24, पातळ पाइपला 32. एकच घ्यायचं तर 24. पातळ चौकोनी पाइपवर 18 चं लावलं की कडेला दाता अडकतो, कट् असा आवाज येतो आणि लगेच तीनचार दाते गेलेले दिसतात, मग ते ब्लेड त्या जागी प्रत्येक फेरीला हिसका देतं. पत्रा तर दोन प्लायच्या मध्ये दाबूनच कापा, 32 नं सुद्धा.

लावताना दात्यांची तोंडं पुढे, विंग नट (ब्लेड ताणायचा पंखवाला नट) इतका आवळा की टिचकी मारल्यावर टण् वाजेल. पुढे जाताना जोर, मागे येताना हात हलका, मिनिटाला 40-50 फेऱ्या पुरे, घाई केली की दाते तापून बोथट होतात. आणि ब्लेड मध्येच बदललं तर जुन्या कापात घालू नका, झिजलेल्या ब्लेडची खाच अरुंद असते, नवीन त्यात फसतं, जॉब फिरवून दुसऱ्या बाजूनं सुरुवात करा.