कॅरिओटाइप की वाय-मायक्रोडिलीशन?

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उरकून जोडपं लॅबमध्ये आलं. वीर्यात शुक्राणू शून्य, चिठ्ठीवर दोन तपासण्या. ‘एकच केली तर चालेल?’

कॅरिओटाइपला हिरव्या टोपणाची नळी. पेशी वाढवून गुणसूत्रं मोजायची, म्हणून वेळ लागतो. ४७, एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर (पुरुषात एक एक्स गुणसूत्र जास्त) इथेच सापडतं. पण वाय गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते वाय-मायक्रोडिलीशन; त्याला जांभळी नळी आणि पीसीआर (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या प्रती काढून तो आहे का ते बघणं). हा रिपोर्ट लवकर येतो, आणि पुढचं ठरवायला मला तो जास्त कामाचा वाटतो. एझेडएफ म्हणजे वाय गुणसूत्रावरचे शुक्राणू बनवायला लागणारे भाग. त्यातला एझेडएफ-सी गेला असेल तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा असते (मुलगा झाला तर दोष त्याच्याकडेही जातो, हे आधीच सांगावं). एझेडएफ-ए पूर्ण गेला असेल, तर शस्त्रक्रियेत अर्थ नाही.

दोन्ही करा म्हटलं. बायकोची फाइल बोटभर जाड होती. नवऱ्याची ही दुसरीच चिठ्ठी.