डीजीआरचा कोर्स, डीएससीची भरती की सरळ घर? सैनिकांच्या पुनर्वसन सेवेचं परीक्षण

आपल्या फौजेत एक दल सोडून दुसऱ्या दलात जाण्याची सोय जवळजवळ नाहीच. पायदळातला जवान कंटाळला म्हणून नौदलात जात नाही. त्यामुळे 22 वर्षं पूर्ण होत आलेल्या नाईक हुद्द्याच्या जवानापुढे वाटा उरतात तीन. दोन वर्षांचं एक्स्टेंशन घ्यायचं, पेन्शन सुरू करून डीएससीत म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा वर्दी चढवायची, नाहीतर सामान बांधून सिव्हिलमध्ये यायचं. या तिसऱ्या वाटेवर हात धरायला सरकारने उभी केलेली सेवा म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय, फौजी भाषेत डीजीआर. मुख्यालय दिल्लीत रामकृष्णपुरमला आणि कारभार संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली. हे परीक्षण मुख्यतः जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहे. अग्निवीरांचे नियम निराळे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शनही नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे खालचा बराचसा हिशेब त्यांना लागू होत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. शिक्षण देण्याच्या बाबतीत डीजीआर उत्तम आहे, नोकरी मिळवून देण्यात मध्यम आहे आणि निर्णय घ्यायला मदत करण्यात कमी पडतं. सुटण्याच्या कागदांवर सही करण्याआधी जो हिशेब मांडायला हवा, तो तिथे कोणी समोर बसवून मांडून देत नाही. म्हणून तो इथे सविस्तर देतो आहोत.

आधी कोर्सविषयी. जेसीओ आणि इतर पदांसाठी कोर्सची पूर्ण फी डीजीआर भरतं. अधिकाऱ्यांना 40 टक्के स्वतः भरावी लागते, 60 टक्के डीजीआर देतं. कोर्स जास्तीत जास्त 24 आठवड्यांचा असतो आणि त्या काळात जवान नोकरीतच धरला जातो, पगार चालू राहतो. एवढी मोलाची सवलत सिव्हिलमधल्या कुठल्याही कामगाराला मिळत नाही. तरीही ती वाया जाते, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कोर्स विषय बघून निवडला जात नाही, घरापासूनचं अंतर बघून निवडला जातो. मुलांच्या परीक्षा, घराचं बांधकाम, आईवडिलांचं दुखणं ही कारणं खरीच असतात. पण सहा महिने घरी राहायला मिळाले आणि हातात पडलं ते असं प्रमाणपत्र की ते दाखवून कोणी कामावर घेत नाही, हा सौदा महागात पडतो.

कोर्स निवडताना एकच कसोटी लावा. या कामासाठी कायद्याने किंवा भरतीच्या नियमाने हे प्रमाणपत्र मागितलं जातं का? अग्निसुरक्षा, औद्योगिक सुरक्षा, ड्रोन चालवणं या विषयांत कागदाला वजन आहे, फक्त कोर्स मान्यताप्राप्त संस्थेचा आहे ना, ते आधी पाहा. ‘व्यवस्थापन’ एवढंच नाव असलेल्या गुळगुळीत कोर्सला ते वजन नाही. साध्या सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी तर सहा महिने घालवायचं कारणच नाही. खाजगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याखालच्या नमुना नियमांत नवख्या रक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण लागतं, माजी सैनिकाला 40 तास वर्गात आणि 16 तास मैदानावर एवढंच पुरतं. आठवडाभरात होणाऱ्या कामासाठी 24 आठवड्यांचा हक्क खर्ची घालू नका.

नाव युनिटमार्फत आणि रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावहून, बॉम्बे सॅपर्सचं खडकीहून. वेळापत्रक डीजीआरच्या संकेतस्थळावर लागतं, पण सरहद्दीवरच्या कंपनीपर्यंत ते पोचेपर्यंत अर्जाची मुदत सरत आलेली असते. कंपनी क्लार्कच्या भरवशावर न राहता वर्षाच्या सुरुवातीलाच यादी स्वतः उघडून बघा आणि पसंतीक्रम लेखी द्या.

आता नोकरीची बाजू. डीजीआर सुरक्षा एजन्सींना मान्यता देतं, रोजगार मेळावे भरवतं, कोळसा वाहतुकीसाठी माजी सैनिकांच्या कंपन्या पुरस्कृत करतं, गॅस एजन्सीच्या राखीव कोट्यासाठी पात्रता प्रमाणपत्र देतं. प्रमाणपत्र म्हणजे एजन्सी नव्हे. वाटप तेल कंपन्या करतात, आणि युद्धविधवा व अपंगत्व आलेले सैनिक यांचा हक्क त्यात आधी येतो, तो यायलाच हवा. धडधाकट नाईकाने या योजनांवर घराचं अंदाजपत्रक उभारू नये. मेळाव्यात ज्या नोकऱ्या सुचवल्या जातात त्यांत पहाऱ्याच्या बऱ्याच असतात. तिथे एक प्रश्न ठामपणे विचारा: पगार डीजीआरच्या दराने, पीएफ धरून मिळणार, की मधल्या ठेकेदाराच्या दराने? उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या.

खरी ताकद आरक्षणात आहे. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के, राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये 14.5 आणि गट ड मध्ये 24.5 टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मध्ये 15 टक्के समांतर आरक्षण. वयाचा बाऊ बरेच जण उगीच करतात. केंद्राच्या नोकरीसाठी खऱ्या वयातून फौजेतली वर्षं वजा करायची, आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त असता कामा नये. 41 वर्षांचा, 22 वर्षं नोकरी केलेला माणूस या हिशेबात 19 वर्षांचा ठरतो. बँकेच्या क्लार्क भरतीत मात्र वरची मर्यादा 50 आहे. पदवी नाही म्हणून अर्जच न करणारेही पुष्कळ. दहावी किंवा सैन्याचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र, आणि 15 वर्षांची सेवा असेल, तर तांत्रिक शिक्षण न लागणाऱ्या गट क पदांसाठी केंद्रात ते पदवीसमान धरलं जातं.

अर्ज शेवटच्या एका वर्षात, नोकरीत असतानाच करता येतो. इथे एक बारीक अट आहे आणि तिच्यापायी चांगल्या चांगल्या माणसांचं नुकसान होतं. पहिल्या सरकारी नोकरीत रुजू झालात की आरक्षणापुरता माजी सैनिकाचा दर्जा संपतो. पण रुजू होण्याआधी ज्या ज्या ठिकाणी अर्ज केले होते त्यांची तारखेसह यादी रुजू होताना लगेच लेखी दिलीत, तर त्या भरत्यांसाठी दर्जा टिकतो. 2014 च्या केंद्रीय आदेशात ही सोय आहे. पानभर यादी, पोच घेऊन. एवढ्याने पहिल्या सरकारी नोकरीतून बँकेत जाण्याचं दार उघडं राहतं.

राज्याच्या भरतीसाठी डीजीआरपेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जास्त कामाचं. नोंदणी, ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या, एका घराच्या मालमत्ता करातली सूट हे सगळं तिथूनच. सुरक्षा रक्षकाचं काम हवं असेल तर पुण्याचं मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळ. लिपिक-टंकलेखकाचं पद डोळ्यांसमोर असेल, तर मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिटाचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टीत सुरू करा. डीजीआरच्या कोर्सची वाट बघण्यात भरती निघून जाते.

आता एक्स्टेंशनचं गणित. नाईकाला 22 वर्षं सेवा अधिक 2 वर्षं एक्स्टेंशन, हवालदाराला 24 अधिक 2, नायब सुभेदाराला 26 अधिक 2. नाईकासाठी या दोन वर्षांना विशेष अर्थ आहे, कारण एमएसीपीच्या (बढती नसली तरी ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या पगाराच्या) पायऱ्या 8, 16 आणि 24 वर्षांवर आहेत. एक्स्टेंशन घेतलं की तिसरी पायरी अगदी टप्प्यात येते, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असल्यामुळे तो फरक जन्मभर मिळतो. मात्र एमएसीपीची तारीख आणि डिस्चार्जची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहा. सेवेतून काही दिवस वजा झाले असतील, तर पायरी काही दिवसांनी हुकू शकते. एक्स्टेंशनसाठी आधी इच्छा आहे की नाही ते लिहून द्यावं लागतं. रागाच्या भरात ‘नाही’ लिहिलेलं नंतर फिरवणं फार अवघड जातं.

आणि मुदतीआधी स्वतःच्या अर्जावर सुटणं? 15 वर्षं होण्याआधी असं सुटलात तर पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. 15 वर्षांनंतर सुटलात तर पेन्शन मिळते, पण 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशानुसार स्वतःच्या विनंतीवर सुटणाऱ्याला वन रँक वन पेन्शन (सारखं पद, सारखी सेवा तर सारखी पेन्शन) लागू नाही. या अटीविरुद्ध दाद मागितली गेली आहे, पण उद्याच्या निकालाच्या आशेवर आज अर्ज लिहू नये. वर्ष-दोन वर्षं काढता येत असतील तर काढावीत.

डीएससीबद्दल बोलताना दोन बाजू दिसतात. पगार, कॅन्टीन, ओळखीचं वातावरण, पहिली पेन्शन चालूच, आणि पहारा आयुध डेपोंवर, कारखान्यांवर, हवाई तळांवर. पुलगाव, देहू रोडसारखी जागा मिळाली तर घर जवळ. पण नेमणूक देशभर कुठेही होऊ शकते, आणि हवालदार म्हणून सुटलेलाही तिथे पुन्हा शिपाई म्हणून सुरुवात करतो. ते मनाला लागतं, हे घरात आधी बोलून घ्यावं. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या पेन्शनची. तिला डीएससीतली स्वतंत्र 15 वर्षं लागतात. थोडक्यात हुकलेल्यांचे दावे सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले आहेत. म्हणून कागदावर मांडा: 42 व्या वर्षी रुजू झालात तर 15 वर्षं 57 ला भरतात. तोवर आरोग्य आणि सेवेची मुदत पुरणार का? पुरत नसेल, तर डीएससी ही चांगली नोकरी आहे, दुसरी पेन्शन नाही, असं समजूनच जा. शेप-वन, म्हणजे सर्वांत वरची वैद्यकीय श्रेणी लागते, त्यामुळे सुटतानाची वैद्यकीय तपासणी इथे निर्णायक ठरते. तरीही डीएससीसाठी कानाचं, गुडघ्याचं दुखणं लपवू नका. सेवेत जडलेला आजार त्या वेळी नोंदवला नाही, तर अपंगत्व पेन्शनचा दावा पुढे कमकुवत होतो.

तुलनेसाठी चौथी छोटी वाटही आहे: टेरिटोरियल आर्मीची पर्यावरण बटालियन. छत्रपती संभाजीनगरची 136 बटालियन (महार रेजिमेंटशी जोडलेली) मराठवाड्यात झाडं लावते आणि माजी सैनिक घेते. जागा थोड्या, पण गावाकडे राहून वर्दीतलं काम हवं असणाऱ्याने चौकशी करावी.

डीजीआरच्या वर्गात सहसा न शिकवलं जाणारं, पण सगळ्यांत मोठ्या रकमेचं प्रकरण म्हणजे कम्युटेशन. निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. समजा मूळ पेन्शन 20,000 आणि पुढच्या वाढदिवसाला वय 40. निम्मी विकली तर 10,000 गुणिले 12 गुणिले 9.090 (वयानुसार ठरलेला गुणक), म्हणजे 10,90,800 रुपये एकरकमी. त्या बदल्यात 15 वर्षं महिना 10,000 कापले जातात, एकूण 18 लाख. व्याजाच्या भाषेत साधारण सव्वासात टक्क्यांचं कर्ज झालं. महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो, आणि मध्येच मृत्यू आला तर कुटुंबाच्या पेन्शनमधून वसुली होत नाही. महाग घरकर्ज फेडायला हा पैसा उत्तम. पाहुण्याच्या हॉटेलात भागीदारी किंवा दामदुपटीच्या योजनेत घालायला अजिबात नाही. पेन्शनीच्या पहिल्या महिन्यात असे सल्लागार दारात हमखास येतात. रक्कम हातात आल्यावर तीन महिने बँकेत तशीच पडू द्या.

शेवटी कागद, कारण अडकतं ते इथेच. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदी होणाऱ्या युनिटच्या आदेशात, पत्नीचं नाव ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता महादेव’, मुलाच्या जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, एवढ्यावर ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि स्पर्श या पेन्शन पोर्टलवरची कौटुंबिक पेन्शन अडते. सेवेत असताना ही दुरुस्ती युनिटच्या कार्यालयातून होते. सुटल्यावर त्याच कामासाठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस अशा फेऱ्या सुरू होतात. सुटण्याआधी किमान सहा महिने पत्नीचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले समोर ठेवून प्रत्येक अक्षर जुळवा. ईसीएचएसची एकदाच भरायची रक्कम शिपाई ते हवालदार 30,000 आणि जेसीओंना 67,000 आहे. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा: नाव, पद, सेवेचे दिवस, सुटण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असं चुकून पडलं असेल, तर गाडीत बसायच्या आधी दुरुस्त करून घ्या.