गाडी नेहमी संध्याकाळीच का परत मिळत होती

माझी पेट्रोल गाडी १५ वर्षांपुढची आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, दोन-चार सेकंद थरथरायची आणि बंद पडायची. रेस धरून ठेवली तर कशीबशी तग धरायची. एकदा इंजिन तापलं की दिवसभर काही तक्रार नाही. एवढं सगळं सांगून मी गाडी एका गॅरेजात दिली आणि तिथे मला पद्धतशीर लुबाडलं गेलं. जुनी गाडी वापरणाऱ्यांवर हीच वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. मग फ्युएल पंप गेलाय म्हणाले, आणि शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, रिपेअर केल्याचं मोठं बिल हातात दिलं. दर वेळी गाडी संध्याकाळीच ताब्यात मिळायची. मेकॅनिक माझ्यासमोर चावी फिरवायचा, “बघा साहेब, एका सेल्फला!” बॉनेटला हात लावला तर चटका बसायचा. तापलेलं इंजिन एका सेल्फला चालू होणारच, माझी तक्रार ती नव्हतीच. सकाळी गाडी पुन्हा तशीच बंद पडायची आणि जाब विचारला की उत्तर ठरलेलं: “तो प्रॉब्लेम गेला, हा वेगळा आहे. गाडी जुनी झाली ना आता.”

गाडी जुनी आहे म्हणजे बिघाड कळला असं होत नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे काम चोक करायचा. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम करतो, आणि इंजिन किती थंड आहे हे त्याला मुख्यतः कूलंट टेंपरेचर सेन्सरकडून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून, कळतं. सेन्सरनेच इंजिन गरम असल्याचं सांगितलं तर ईसीएम पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी बंद पडते. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडी किंवा आयडल व्हॉल्व्हमध्ये साचलेला कार्बन, व्हॅक्युम पाइपला गेलेली चीर, रात्रीतून उतरलेलं पेट्रोलचं प्रेशर, यांनीही असंच होऊ शकतं. म्हणजे पंपावर संशय घेणं चूक नव्हतं. पण त्यासाठी प्रेशर गेज लावून बघावं लागतं. निदान चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून, पंपाला प्रेशर भरू देऊन मग सेल्फ मारून बघायचा. तेवढ्याने गाडी नीट चालू झाली तर प्रेशर उतरत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. यातलं काहीच कोणी केलं नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने पहिलीच अट घातली की गाडी आदल्या रात्री आणून ठेवा आणि सकाळी मी येईपर्यंत कोणी चावी लावायची नाही. सकाळी त्याने स्कॅनर, म्हणजे ईसीएमला मिळणारे आकडे दाखवणारं यंत्र, जोडला, इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आत येणाऱ्या हवेचं तापमान २४ अंश, कूलंटचं ७८. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. सेन्सरचा कनेक्टर काढल्याबरोबर आकडा उणे ४० वर गेला; कनेक्टर सुटल्यावर तसाच जायला हवा, म्हणजे वायरिंग आणि ईसीएम दोन्ही शाबूत. मग सेन्सरवर मल्टिमीटर लावला. अशा बहुतेक सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) २० अंशांना २ ते ३ किलोओहम असतो आणि ८० अंशांच्या आसपास तीनेकशे ओहमवर येतो. माझा थंडगार सेन्सर तीनशेच्या घरातच अडकला होता.

चेक इंजिनचा दिवा का लागला नाही, हेही त्याने समजावलं. माझ्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत सेन्सरचं सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच बिघाडाचा कोड येतो आणि दिवा लागतो. ७८ हा आकडा ईसीएमला खरा वाटतो. डॅशबोर्डवरचा काटाही बरोबर दाखवत होता, कारण त्याचा सेन्सर वेगळा आहे.

सेन्सर बदलला आणि गाडी इंजिन थंड असतानाही सुरळीत चालू राहू लागली. सगळ्या बिलांत हा सर्वांत स्वस्त पार्ट निघाला.

मग मी त्याला ‘नवा’ पंप बघायला सांगितलं. मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणावर धुळीचा घट्ट थर, लॉक रिंगच्या खाचांत माती जशीच्या तशी. तिथे कित्येक वर्षांत कोणाचा हात लागलेला नव्हता. ईसीएमच्या बोल्टांवर कंपनीतून आलेली रंगाची खूणही अखंड होती. पहिल्या गॅरेजात मला काढलेला म्हणून दाखवलेला जुना पंप कुठल्या गाडीचा होता कोण जाणे. मी जागेवरच फोटो काढले.

फोटो आणि बिल समोर ठेवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्याने पंपाचे पैसे परत दिले. ईसीएमचे अजून देत नाही. काम सॉफ्टवेअरचं होतं, बोल्ट उघडायची गरजच नव्हती असं म्हणतो. बिलावर मात्र ‘ईसीएम ओपन करून रिपेअर’ असं त्याच्याच अक्षरात लिहिलंय, आणि ते बिल जोडून मी ग्राहक आयोगात तक्रार करतोय. तुमची गाडी आत्ता अशाच तक्रारीसाठी कुठे उभी असेल, तर पुढच्या पार्टला हो म्हणण्याआधी सकाळी स्वतः जा, थंड इंजिनवर स्कॅनर लावायला सांगा आणि ते दोन आकडे डोळ्यांनी बघा. बदललेला पार्ट दाखवला, तर नवा जिथे बसवलाय ती जागाही उघडून दाखवायला लावा.