लेबलवर ४८ किलो, काट्यावर २७: सोलर बॅटरीत आमची झालेली फसवणूक

घरात ऑक्सिजनवर असलेलं माणूस आहे, लाईटचा भरवसा नाही आणि म्हणून बॅटरीवालं सोलर घ्यायचं चाललंय, अशा प्रत्येक घरासाठी हे लिहितेय. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण आम्हाला जे विकलं गेलं त्याने एका रात्री माणूस गेला असता, आणि विकणारा आजही शेजारच्या तालुक्यात फिरतोय.

आमचं घर दापोली तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस वीज नव्हती, ते अजून कोणी विसरलेलं नाही. वादळ नसलं तरी पावसाळ्यात माड नाहीतर आंब्याची फांदी तारेवर पडते आणि वायरमन झाड तोडून फॉल्ट सापडेपर्यंत रात्र जाते. त्याचा दोष नाही, तो बिचारा भर पावसात खांबावर चढलेला असतो.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. रात्री त्यांना मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करतं, पण सतत साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतं आणि लाईट गेली की त्या क्षणी बंद पडतं. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ते फार वेळ निघत नाही. म्हणून सोलर आणि बॅटरी.

२०२४ च्या गणपतीत एक तरुण आला. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी असतात, निर्णय घेणारे आणि पैसे देणारे एकाच पडवीत सापडतात. हे लोक नेमके तेव्हाच फिरतात. गळ्यात ओळखपत्र, हातात छपरावरच्या सोलरला सबसिडी देणाऱ्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं माहितीपत्रक, बोलणं असं की सरकारनेच पाठवलंय. अण्णांच्या पाया पडला, त्यांच्या मशीनवरचं लेबल वाचलं आणि म्हणाला, "वहिनी, काकांचं मशीन रात्रभर चालेल. मी लिहून देतो ना."

आणि दिलंही लिहून. तीन किलोवॅटची पॅनेल, हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि "५ किलोवॅट लिथियम बॅटरी बॅकअप". एकूण ३,८५,००० रुपये, त्यातून सबसिडीचे ७८,००० आधीच वजा. माझ्या दिरांनी मुंबईहून पैसे पाठवले, कारण आजार त्यांच्या वडिलांचा होता आणि तोडगा समोर दिसत होता.

त्या एका ओळीत काय दडलं होतं ते समजून घ्या. किलोवॅट म्हणजे एका वेळी किती भार ओढता येईल. तो आकडा इन्व्हर्टरचा. बॅटरीत किती वीज साठते ते मोजतात किलोवॅट-तासात, म्हणजेच आपल्या बिलावरच्या युनिटमध्ये. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर गुणाकार ५,१२० वॅट-तास, म्हणजे पाच युनिट. त्यातली ऐंशी टक्के वापरायची म्हटली तरी चार युनिट मिळतात. कॉन्सन्ट्रेटर, एक पंखा आणि एक दिवा मिळून सव्वाचारशे वॅट धरले तर नऊ तास निघतात. त्याने हाच हिशेब आमच्या कालनिर्णयच्या मागे मांडून दाखवला होता आणि तो बरोबरही होता. कोटेशनवर मात्र किलोवॅट-तास कुठेच लिहिलं नव्हतं. पुढे वाद झाला तेव्हा तो म्हणाला, "पाच किलोवॅट लिहिलंय, इन्व्हर्टर पाच किलोवॅटचाच दिलाय."

डिसेंबरात बसवून झालं. पडवीच्या भिंतीला पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा, इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर कायम १०० टक्के. हिवाळ्यात लाईट गेली ती अर्धा-एक तास, तेवढ्यात काहीच अडलं नाही. फसवणूक इतके महिने झाकून राहिली ती अशी. त्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात संदेशाची केबल जोडलेली नसेल तर इन्व्हर्टर फक्त व्होल्टेज बघून टक्के सांगतो. पेलाही काठोकाठ भरतो आणि हंडाही. भरलंय एवढंच कळतं, किती मावतं ते कळत नाही.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला लाईट गेली. इन्व्हर्टरने भार बॅटरीवर घेतला, स्क्रीनवर ९८ टक्के. एक वाजायच्या आसपास मी उठून बघितलं तर ४१. वाटलं, उतरतेय जरा भराभर, पण सकाळपर्यंत ओढेल. खोलीत परत येतेय तोच सगळं बंद. टक्के उतरत शून्यावर आलेच नाहीत, ४१ वरून थेट अंधार. कॉन्सन्ट्रेटरचा वीज गेल्याचा भोंगा तेवढा वाजत होता. अण्णा उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून श्वास घेत होते. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के आला. कोपऱ्यात जुना छोटा सिलिंडर होता, तो माझ्या मिस्टरांनी विजेरीच्या उजेडात लावला. त्यात गॅस होता म्हणून अण्णा आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. पहिलं उत्तर, "वहिनी, पावसात चार्जिंग कमी होतं." स्क्रीनवर ९८ होते, म्हटलं. मग, "काहीतरी जास्त लोड लागला असेल." मग, "सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो." त्यानंतर फोन उचलणं बंद. इन्व्हर्टरच्या ॲपचा मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच होता. थोड्याच दिवसांत आमच्या मोबाईलवर मागची नोंद दिसेनाशी झाली. ॲपचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडून घ्या आणि दिसेल त्याचे फोटो काढून ठेवा. ती नोंद पुरावा असते.

तालुक्याला इन्व्हर्टर दुरुस्त करणारे एक जाणते मिस्त्री आहेत. ते आले आणि त्यांनी पेटी उघडायच्या आधी वजन करायला सांगितलं. काजू बी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा काटा आणला. पेटीवरच्या लेबलवर छापलं होतं ४८ किलो, काट्यावर आले २७. मिस्त्री म्हणाले, "लिथियम फॉस्फेटची पाच युनिटची बॅटरी चाळीस किलोच्या खाली मी पाहिलेली नाही. आत मालच कमी आहे."

मग भार लावून बघितला. इस्त्री किंवा गिझर लावू नका, ते आपोआप चालू-बंद होतात आणि हिशेब चुकतो. मंडपवाल्याकडून ५०० वॅटचे दोन हॅलोजन आणले, मेन स्विच बंद केला, पॅनेलचा स्विचही पाडला, म्हणजे वीज फक्त बॅटरीतून. हजार वॅटवर चांगली बॅटरी चार तास चालायला हवी. आमची तासाभरात गेली. पाच युनिट सांगून विकलेल्या पेटीत जेमतेम एक युनिट होतं. हे सगळं मोबाईलवर सलग चित्रित केलं, घड्याळ आणि काटा दिसतील असं.

पेटी उघडली ती पोलीस पाटील आणि वाडीतल्या दोघांसमोर. पेटी स्वतः कधीच उघडू नका. आतला डीसी प्रवाह पाना चुकून टेकला तरी वितळवतो, आणि सील तुटलं की "वॉरंटी संपली" म्हणायला ते मोकळे. आधी लेखी नोटीस पाठवा, मग जाणकाराकडून, साक्षीदारांसमोर. झाकण निघालं तेव्हा आत वहीएवढ्या जाडजूड चौकोनी सेलची रांग दिसायला हवी होती. तिथे बोटाएवढे गोल सेल होते, निम्मे निळ्या वेष्टनाचे, निम्मे हिरव्या. काहींवर आधीच्या वेल्डिंगचे ओरखडे, छापील अक्षरं घासून काढलेली. मिस्त्रींच्या मते हे जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल. उरलेल्या जागेत थर्माकोल, नीट मापात कापून, चिकटपट्टीने बसवलेला. तो थर्माकोल मी विसरू शकत नाही. हे कुणाच्या हातून चुकून झालेलं नव्हतं. कोणीतरी शांतपणे बसून, माप घेऊन तो कापला होता, आणि ती पेटी ज्याच्या घरी जाणार त्याच्या घरात आजारी माणूस आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं.

सबसिडीचं तेवढंच खोटं निघालं. सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० मिळतात, पण ते फक्त सौर संचासाठी. बॅटरीवर एक रुपयाही नाही. ते पैसे सिस्टीम सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. विक्रेता "आम्ही वळते करून घेतो" म्हणाला की तिथेच थांबा. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला लागतो आणि पॅनेल व त्यातले सेल भारतात बनलेले लागतात. आमचा माणूस पोर्टलवर नव्हताच. त्याने माझ्या मिस्टरांच्या मोबाईलवरचा ओटीपी घेऊन अर्ज भरला होता तो भलत्याच विक्रेत्याच्या नावावर, आणि तोही अर्धवट. सबसिडी आली नाही म्हणून नंतर तो ते ७८,००० आमच्याकडेच मागायला लागला.

नेट मीटरचा, म्हणजे लाईनवरून घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरचा अर्जही महावितरणकडे गेलेला नव्हता. त्याने पॅनेल जुन्याच मीटरवर जोडून दिली होती. काही मीटर उलट गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात, आणि आमचा तसाच निघाला: दुपारी आमच्या छपरावरून लाईनमध्ये गेलेली वीज आमच्याच बिलात चढली. सोलर बसवल्यावर बिल वाढलं तर आधी नेट मीटर बसलाय का ते बघा. आणि बिल शून्य होईल असं कोणी सांगत असेल तर तेही खरं नाही. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

त्याच माणसाने पलीकडच्या वाडीत एका घरी बॅटरीशिवायची, फक्त लाईनला जोडलेली साधी ऑन-ग्रिड सिस्टीम "लाईट गेली तरी चालते" म्हणून खपवली. ती चालत नाही. लाईन बंद झाली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. तसं नसतं तर दुरुस्तीसाठी बंद केलेल्या तारेत आपल्या छपरावरून वीज गेली असती आणि खांबावरच्या वायरमनचा जीव गेला असता.

आम्हाला तो आणखी एक सांगत होता: "सहा महिने बघा आणि मीटर काढून टाका, महावितरणची गरजच उरणार नाही." कोकणात हा सल्ला कुणीही ऐकू नये. एक किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा वर्षाचा सरासरी अंदाज असतो. जून ते ऑगस्टमध्ये ओळीने काही दिवस झड लागली की पॅनेल त्यातलं थोडंच देतात, आणि लाईटही तेव्हाच जाते. तेव्हा बॅटरी भरते ती लाईनवरूनच, मधे जी काही वीज येते तेवढ्यात. पॅनेल बिल कमी करतात, बॅटरी मधला अंधार काढते, पण लाईन सोडून चालत नाही.

आजारी माणसासाठी तर बॅटरीवरसुद्धा थांबू नका. बी टाइपचा भरलेला सिलिंडर मिनिटाला दोन लिटरच्या प्रवाहावर साधारण बारा तास जातो. आमच्याकडे आता तसे दोन असतात, रेग्युलेटर लावून तयार, आणि दर आठवड्याला दाबाचा काटा बघितला जातो. घरातल्या शाळकरी मुलीलासुद्धा सिलिंडर जोडता येतो.

जे अजून घ्यायचेत त्यांनी कोटेशनवर बॅटरी किलोवॅट-तासात लिहून घ्या, सोबत व्होल्ट, अँपिअर-तास, वजन, आणि पॅनेल, इन्व्हर्टर, बॅटरी तिन्हींचे अनुक्रमांक. पक्कं जीएसटी बिल घ्या. बसवल्या दिवशी बॅटरी काट्यावर चढवा, लेबलशी जुळली नाही तर भिंतीला लावू देऊ नका. शेवटचा मोठा हप्ता हॅलोजन लावून तास मोजल्यावरच द्या. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही. आम्ही नंतर दुसऱ्याकडून घेतली तेव्हा त्याने स्वतःच भार लावून दाखवला.

आमची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, विकणाऱ्याचं ऑफिस पुण्यात असो की सुरतेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाईनही भरता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून तिचा क्रमांक जपून ठेवा. दावा दाखल करायची मुदत दोन वर्षं आहे. "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" हे ऐकत बसलेल्यांची ही मुदतच निघून जाते, म्हणून पहिला फोन उचलला गेला नाही की त्याच दिवशी स्पीड पोस्टाने नोटीस टाका आणि पोचपावती बिलाला जोडून ठेवा.