दगडी कमानींवरून दीड तास: मिनियापोलिसच्या पुलाची फेरी

लेकीनं अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधल्या या फेरीचं माझंही तिकीट काढून टाकलं, माणशी 25 डॉलर. पुलावर कुणीही फुकट चालतं, मग पैसे कसले? दीड तासानं माझं मत बदललं, पण अर्धंच.

मार्गदर्शक मुलगी गोष्ट पुलापासून नाही, पिठापासून सुरू करते. मी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, तेव्हा कान टवकारले. 2 मे 1878 ला इथल्या वॉशबर्न ए गिरणीत पिठाच्या धुरळ्यानं पेट घेतला आणि स्फोटात 18 जण गेले. "पीठ कसं फुटेल?" म्हणून आमच्यातले दोघं हसले. मला नाही हसू आलं. दळण चालू असताना दारात विडी पेटवणाऱ्याला मी कायम हाकललंय. गिरणी 1880 मध्ये पुन्हा उभी राहिली. आता तिच्या पडक्या भिंतींत संग्रहालय आहे.

मग पूल. जेम्स हिल या रेल्वेवाल्यानं 1883 मध्ये तो मिसिसिपीवर बांधून पुरा केला, सेंट अँथनी धबधब्याच्या खालच्या अंगाला. ग्रॅनाइट आणि चुनखडीच्या 23 कमानी, लांबी 2100 फूट. लोक त्याला 'हिलचा मूर्खपणा' म्हणायचे. त्याच मूर्खपणावरून 1978 पर्यंत गाड्या धावल्या, आणि 1994 पासून पायी आणि सायकलवाल्यांना मोकळा झाला. पश्चिम काठाजवळ पूल चक्क वळतो. तिथं थांबून मागं बघा. आपण आलो ती कमानींची रांग कडेनं दिसते, खाली पाणी फेसाळत असतं. एवढ्या दगडाला असा बाक देणाऱ्या गवंड्यांना माझा नमस्कार. या जागी मार्गदर्शक मुलगीही दोन मिनिटं गप्प राहिली, ते फार आवडलं.

आता तक्रारी. कानात घालायला दिलेलं यंत्र अर्ध्या वाटेत बंद पडलं. बदलून दिलं, तेही खरखरणारं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, फेरीआधी मी काठावरून कमानी मोजल्या होत्या, त्या 21 च भरल्या. मधे लोखंडी सांगाडा दिसतो, त्याबद्दल विचारलं तर "हो, तो नंतरचा" म्हणून ती पुढं निघाली! लेकीनं फोनवर शोधलं तेव्हा कळलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बोटींना जलपाशात (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजांच्या हौदात) जाता यावं म्हणून दोन कमानी काढून तो सांगाडा बसवला. आणि ते जलपाशही जून 2015 मध्ये बंद केलं, बाहेरून येऊन झपाट्यानं पसरणारे मासे नदीत वर चढू नयेत म्हणून. अहो, यासाठी तर 25 डॉलर दिले होते!

पाचपैकी साडेतीन. साडेतीन त्या पिठाच्या गोष्टीचे आणि वळणावरच्या दोन मिनिटांचे. जाणार असाल तर टोपी डोक्याला घट्ट बसणारी घ्या, माझी मिसिसिपीत गेली.