चेक इंजिनचा लाइट "घालवून" देणाऱ्यांपासून जपा

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला की गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड वाचून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. त्या मान डोलावण्यावरच काही जणांचा धंदा चालतो. मला कसं गंडवलं ते सांगतो.

कोड होता पी०४२०. त्याचा अर्थ एवढाच, की कॅटलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) पुरेसं काम करत नाही असा गाडीच्या कॉम्प्युटरला संशय आहे. संशय कशामुळे, ते कोड सांगत नाही. गॅरेजवाल्याने मात्र जागच्या जागी निकाल दिला, "साहेब, कन्व्हर्टर गेला. बदलावाच लागेल." आत प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात, हे ऐकून असल्यामुळे आकडा मोठा वाटला तरी खोटा वाटत नाही. संध्याकाळी गाडी मिळाली. लाइट गेलेला, बिलावर "नवीन कन्व्हर्टर".

थोड्याच दिवसांत तोच लाइट, तोच कोड. आता म्हणे सेन्सर खराब!

दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनरला हात लावण्याआधी थंड इंजिन चालू करून नुसतं ऐकलं. खालून टिक-टिक येत होती, इंजिन तापलं तशी ती दबली. कन्व्हर्टरच्या पुढच्या जोडावरचं गास्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, फुटलं होतं, कडेला काजळीचा फराटा. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो. अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्यातला ऑक्सिजन मागच्या सेन्सरला चकवतो. माझ्या गाडीत पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ असं सतत वरखाली होतं, ते बरोबरच आहे. कन्व्हर्टर धड असेल तर मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहायला हवं; तेही नाचत होतं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर हे कुणालाही दिसलं असतं.

मग त्याने बॅटरीच्या उजेडात "नवीन" कन्व्हर्टर दाखवला. वर चंदेरी स्प्रे, पण नटांवर गंजाचे पापुद्रे जसेच्या तसे. पाना लागला असता तर निदान कडा तरी खरवडल्या असत्या. रंगाखाली जुना पोचासुद्धा होता!

मग लाइट गेला कसा? कोड पुसला की लाइट जातो, आणि त्याबरोबर कॉम्प्युटरने केलेल्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. कन्व्हर्टरची तपासणी पुन्हा व्हायला गाडी तापून ठरावीक तऱ्हेने चालावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत दोष लागोपाठ दोनदा सापडल्याशिवाय लाइट लागत नाही. तेवढ्या अवधीत बिल वसूल झालेलं असतं.

म्हणून कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून घ्या. दोष नोंदला गेला तेव्हा गाडीचा वेग, तापमान वगैरे काय होतं ते त्यात असतं. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरवर रेडिनेस, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या तपासण्या पूर्ण झाल्या ते, बघा; कॅटलिस्टसमोर (म्हणजे कन्व्हर्टरसमोर) "नॉट रेडी" असेल तर दुरुस्ती अजून सिद्ध झालेली नाही. आणि काढलेला भाग मागा. जुन्या कन्व्हर्टरलाही भंगारात चांगला भाव येतो, तेव्हा "फेकून दिला" हे उत्तर चालवून घेऊ नका. लाइट लुकलुकत असेल तर मात्र आधी गाडी थांबवा. तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, आणि ते न जळलेलं इंधन चांगला कन्व्हर्टर खरोखरच जाळतं.

गास्केट बदललं, कोड परत आला नाही. नटांचे फोटो पुढे ठेवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्याने "पोराकडून राहिलं असेल" म्हणत कन्व्हर्टरचे पैसे परत केले. मजुरी मात्र कापून घेतली.