याकुल्ट: महिनाभर घेतल्यानंतरचा अनुभव

आईचा अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता आणि तिसऱ्याच दिवशी पोट बिघडलं, डॉक्टर म्हणाले प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतू, द्यायला हरकत नाही, फक्त गोळी आणि ते यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, म्हणून याकुल्ट या दुधाच्या प्रोबायोटिक ड्रिंकचा पाच बाटल्यांचा पॅक आणला आणि मग महिनाभर आणतच राहिले. आईला चार-पाच दिवसांत बरं वाटलं, पण ते याकुल्टमुळेच असं मी म्हणणार नाही, औषधं होती, मऊ भात होता, आराम होता.

चव छान आहे, आंबटगोड, ताकापेक्षा पातळ, ६५ मिलीची बाटली दोन घोटात संपते. पण मला खरं आवडलं ते लेबल. नुसतं "प्रोबायोटिक" लिहून सोडलेलं नाही, एका बाटलीत ६५० कोटी जिवंत जंतू आणि त्यांचं पूर्ण नाव, लॅक्टोबॅसिलस केसी स्ट्रेन शिरोटा (स्ट्रेन म्हणजे एकाच जंतूचा ठरावीक वाण). डॉ. मिनोरू शिरोटांनी १९३० साली क्योटोमध्ये हा स्ट्रेन वेगळा काढून वाढवला आणि १९३५ पासून तो बाटलीतून विकायला लागले. आपल्याकडचं याकुल्ट हरियाणात सोनीपतला बनतं.

स्ट्रेनचं नाव एवढं का महत्त्वाचं? २००७ मध्ये लंडनच्या हॉस्पिटलांमधला एक अभ्यास आला होता, अँटिबायोटिक घेणाऱ्या वयस्कर पेशंटना प्रोबायोटिक ड्रिंक दिलं तर जुलाब १२ टक्के लोकांना झाले, न दिलेल्यांत ३४ टक्के. आकडे बघून कुणीही खूश होईल, पण त्या ड्रिंकमध्ये केसीचा वेगळा स्ट्रेन होता आणि सोबत दह्याचे दोन जंतूही, त्यामुळे तो निकाल याकुल्टच्या नावावर खपवता येत नाही. केसी केसीत फरक असतो.

हे मला एवढं लागतं कारण एमएस्सीला माझं प्रोजेक्टच दह्यावर होतं. घरच्या विरजणातून जंतू वेगळे केले, वाढवले, सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून जंतू तळाशी बसवून, वरचं पाणी घेतलं आणि रोगजंतू पसरलेल्या अगर प्लेटवर (जंतू वाढवायची जेलीची ताटली) छोटे खड्डे पाडून त्यात भरलं. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती स्वच्छ गोल, म्हणजे तिथे रोगजंतू वाढलेच नव्हते! मी इतकी आनंदले की लगेच मॅडमकडे धावले, निसिनसारखं जंतू मारणारं काहीतरी सापडलं म्हणून. मॅडमनी शांतपणे सांगितलं, आधी पीएच न्यूट्रल कर, म्हणजे ॲसिडचा परिणाम घालव, आणि परत लाव. केलं, तर बहुतेक गोल गायब, म्हणजे काम लॅक्टिक ॲसिडचं होतं. एकाच जंतूचा गोल राहिला, त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम घातल्यावर तोही गेला, म्हणजे तिथे खरंच बॅक्टेरिओसिन, एका जंतूने बनवलेलं दुसऱ्या जंतूंना मारणारं प्रथिन, असण्याची शक्यता होती. तीन प्लेटा लावल्या तेव्हा एवढं एक वाक्य लिहिता आलं, आणि इथे पाकिटावर कुणीही "नैसर्गिक अँटिबॅक्टेरियल" छापतं त्याचा मला मनापासून राग येतो. निसिनचं म्हणाल तर ते लॅक्टोकॉकस लॅक्टिस नावाचा दुधातला जंतू बनवतो, प्रोसेस्ड चीजमध्ये वापरतात, लेबलवर २३४ नंबर दिसला तर तेच.

म्हणून घरचं दही बंद करू नका हं. त्यातलं ॲसिड बाकीच्या जंतूंना वाढू देत नाही, जेवणात ते हवंच. पण त्यात कुठला स्ट्रेन किती आहे हे माहीत नसतं, ते बाटलीत माहीत असतं, एवढाच फरक.

आता खटकलेलं. एक म्हणजे साखर, चांगलीच गोड आहे. आईची शुगर बॉर्डरवर असल्याने दुसऱ्या आठवड्यापासून लाइट आणलं, चव जवळपास तीच. दुसरं म्हणजे दुकानं. आमच्या इथल्या एका मोठ्या दुकानात पॅक फ्रिजबाहेर, बिस्किटांच्या शेजारी रचलेले होते, उन्हाळ्यात! जंतू जिवंत राहावेत म्हणून बाटलीवर थंड ठेवा लिहिलेलं असतं आणि पैसे आपण त्या जिवंतपणाचेच देतो ना. मी मॅनेजरना बोलावून सांगितलं, पुढच्या वेळी गेले तर तसेच बाहेर. तिथून घेणं सोडलं.

पाचपैकी चार स्टार. आता मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेते, तिथे फ्रिज कायम चालू असतो, मागच्या रांगेतला पॅक काढून तारीख बघते आणि घरी येताना आइस पॅकवाली पिशवी नेते.